बँकेची पॉलिसी आणि आपली पॉलिसी

(सोलापुरातल्या टॉवेल-चादर कारखानदारांपुढे एका विमा ब्रोकरने दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, तुमच्यापैकी बहुतेकांच्या कपाटात फायर पॉलिसी असेल. ती काढली कुणी, असं विचारलं तर खरं उत्तर येईल, बँकेनं. कॅश क्रेडिट मंजूर झालं, त्याच फाइलीत एक फॉर्म होता, सह्या झाल्या, हप्ता खात्यातून वळता झाला. विम्याची रक्कम ठरली ती कर्जाच्या आकड्यावरून. बँकेचं यात काही चुकलं नाही, ती आपलं कर्ज सांभाळते. तुमचा धंदा सांभाळायचं काम मात्र कुणाकडेच दिलेलं नाही, ही माझी तक्रार आहे.

आता आपला माल कुठे-कुठे फिरतो ते बघा. सूत आलं की डाईंगला जातं, सायझिंगला, म्हणजे खळ लावायला जातं, मागावर चढतं, मग शिलाईला आणखी कुठे तरी. पॉलिसीवर पत्ता तुमच्या अक्कलकोट रोडच्या शेडचा, आणि निम्मा माल दुसऱ्याच्या शेडमध्ये. तिथे आग लागली तर विमा कंपनी विचारणार, हा पत्ता आमच्याकडे कुठे आहे? डाईंगवाल्याचा विमा असलाच तर तो त्याच्या यंत्रांचा. म्हणून जॉबवर्कची, म्हणजे बाहेर काम करून घेतो ती ठिकाणं पॉलिसीत लिहून घ्या, किंवा फ्लोटर घ्या, म्हणजे एकच रक्कम नोंदवलेल्या सगळ्या ठिकाणच्या मालाला लागू होते. ट्रकमधल्या मालाची पॉलिसी वेगळी, ती मरीनमध्ये, म्हणजे वाहतुकीच्या विम्यात येते.

दुसरी गोष्ट रकमेची. समजा माल दोन कोटींचा आहे, विमा एक कोटीचा, आणि जळाला चाळीस लाखांचा. पुष्कळांना वाटतं, एक कोटीच्या आतलं नुकसान आहे, पूर्ण मिळेल. मिळतात वीस लाख. निम्म्याचा विमा काढलात, तर उरलेल्या निम्म्याची विमा कंपनी तुम्हीच, असा अ‍ॅव्हरेजचा हिशेब आहे. १ एप्रिल २०२१ पासून छोट्या उद्योगांसाठी ठरावीक नमुन्याच्या पॉलिसी आल्या. एका ठिकाणची मालमत्ता पाच कोटींपर्यंत असेल तर भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा, त्यापुढे पन्नास कोटींपर्यंत भारत लघु उद्यम सुरक्षा. यांत रक्कम १५ टक्क्यांपर्यंत कमी पडली तर कापत नाहीत. त्याहून जास्त कमी पडली की कात्री लागतेच. सुताचा भाव चढला की आकडा बदलायला फोन करा, नूतनीकरणाची वाट बघू नका.

मे २०२५ मध्ये इथल्याच एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जण गेले, मालक आणि त्यांच्या घरचेही. त्या कुटुंबाच्या विम्याबद्दल मी काही बोलणार नाही, तो माझा अधिकार नाही. एवढंच म्हणतो, ज्यांचं घर आणि कारखाना एकाच आवारात आहे त्यांनी पॉलिसीच्या आधी जिना आणि दुसरा दरवाजा बघावा. ते काम कोणताही विमा करत नाही.

आग विझल्यावर यंत्राचे पैसे मिळतात, पण बंद पडलेल्या महिन्यांचे कोण देणार? बँकेचं व्याज, कायम कामगारांचा पगार, आणि तोवर दुसरीकडे गेलेलं गिऱ्हाईक. यासाठी लॉस ऑफ प्रॉफिट पॉलिसी असते. सोबत फायर पॉलिसी असावी लागते, आणि तिचा क्लेम मान्य झाला तरच ही चालते. किती महिन्यांची घ्यायची? नवा माग मागवून तो चालू व्हायला जेवढे लागतील तेवढ्यांची तरी.

आता माणसांकडे येतो. फर्मची प्रायव्हेट लिमिटेड झाली की संचालक म्हणून वहिनी, पुतण्या, निवृत्त काका अशी नावं बसतात. कारखान्याचा ऑक्युपायर, म्हणजे कारखान्याला जबाबदार माणूस म्हणून कायद्याच्या नजरेत संचालकच उभा असतो. कंपनीचा चेक परतला तर कामकाजाला जबाबदार असलेल्या संचालकांवर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट या चेकच्या कायद्याच्या कलम १४१ खाली खटला होऊ शकतो. नुसतं नाव असणाऱ्याला सुटता येतं, पण ते सिद्ध करायला वकील लागतो. त्या वकिलाचा खर्च आणि संचालकाच्या निर्णयामुळे आलेले दावे यांसाठी डी अँड ओ, म्हणजे डायरेक्टर्स अँड ऑफिसर्स पॉलिसी आहे. सिद्ध झालेली लबाडी तिच्यात बसत नाही, आणि परतलेल्या चेकची रक्कमही ती भरत नाही. घटना कधी घडली यापेक्षा दावा आला त्या दिवशी पॉलिसी चालू होती का, हे ती बघते. काका निवृत्त झाले म्हणून बंद केलीत, तर जुन्या व्यवहाराची नोटीस काकांच्या दारात एकटीच येईल.

ब्रोकर कशाला, एजंट आहे की, असं मघाशी एकांनी विचारलं. एजंट विमा कंपनीचा प्रतिनिधी असतो. ब्रोकर कायद्यानं तुमचा. आयआरडीएआय या विमा नियामकाचा परवाना त्याला लागतो आणि स्वतःच्या चुकांसाठी स्वतःचाही विमा काढावा लागतो. दलाली त्याला विमा कंपनी देते, त्यामुळे हितसंबंधांचा प्रश्न उरतोच. तो नाही असं म्हणणाऱ्या ब्रोकरपासून लांब राहा.

त्या दलालीतून परत किती देणार, असंही एकानं हसत विचारलं. तसं देणं आणि घेणं, दोन्हींना विमा कायद्याच्या कलम ४१ नं मनाई आहे. त्याऐवजी क्लेमच्या वेळी नुकसान मोजायला सर्व्हेअर येईल तेव्हा ब्रोकर स्वतः हजर राहील, हे लिहून मागा.