वीज गेल्यानंतरचे दीड तास

मोठ्या व्यापारी इमारतीच्या बंदिस्त जिन्यात भर दुपारीही बाहेरचा उजेड पोहोचत नाही. वीज गेली की पायरीची कड दिसेनाशी होते, आणि वरच्या मजल्यांवरून माणसे तर खाली येतच असतात. दारावरचा, बाहेर पडण्याची वाट दाखवणारा हिरवा फलक आणि भिंतीवरचा लहानसा आपत्कालीन दिवा त्याच वेळेसाठी बसवलेले असतात. मात्र त्या वेळी त्यांना वीज कुठून मिळणार, हे फारसे कोणी विचारत नाही.

विचारलेच, तर ‘जनरेटर आहे ना’ असे उत्तर मिळते. ते अपुरे आहे. जनरेटर सुरू होऊन भार उचलेपर्यंत काही सेकंद जातात. अमेरिकेतील नियमांनी त्यासाठी जास्तीत जास्त १० सेकंद दिले आहेत, आणि जिन्याच्या मध्यावर असलेल्या माणसाला तेवढेही फार होतात. त्याहून अवघड प्रसंग असा, की फक्त जिन्यातल्या दिव्यांचा एमसीबी (बिघाड होताच वीज तोडणारा स्विच) पडतो, इमारतीची मुख्य वीज चालूच राहते आणि जनरेटरला सुरू होण्याचे कारणच मिळत नाही. म्हणून आपत्कालीन दिवा ज्या जागेसाठी आहे, त्याच जागेच्या नेहमीच्या दिव्यांची वीज गेल्याचे त्याला कळले पाहिजे.

हे काम बॅटरीच करू शकते. ती एकतर प्रत्येक दिव्याच्या आतच असते किंवा एका खोलीत मोठा संच ठेवून तेथून सर्वत्र तारा नेलेल्या असतात. दुसऱ्या पद्धतीत देखभाल एका ठिकाणी होते, पण त्या तारा आगीतही टिकणाऱ्या असाव्या लागतात, अन्यथा बॅटरी शाबूत राहूनही जिना अंधारात जातो.

उजेड फार लागत नाही. बाहेर पडण्याच्या मार्गावर जमिनीपाशी किमान १ लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजण्याचे एकक), असे युरोपीय मानक सांगते. पौर्णिमेच्या चांदण्याच्या काही पट, एवढाच तो उजेड. अमेरिकेत तो निदान ९० मिनिटे टिकावा लागतो, तर ब्रिटनमध्ये, विशेषतः लोक रात्री झोपतात अशा इमारतींत, ३ तासांची अपेक्षा असते.

प्रश्न येतो तो बॅटरीच्या वयाचा. शिसे-आम्ल बॅटरी उष्णतेने लवकर थकते: तापमान २५ अंशांपेक्षा साधारण १० अंशांनी सतत जास्त राहिले, तर तिचे आयुष्य जवळपास निम्म्यावर येते. छताखालच्या कोंदट जागेत तेवढी उष्णता सहज साठते. दिव्यावरचा लुकलुकणारा हिरवा ठिपका बहुधा चार्जिंग चालू असल्याचेच सांगतो, बॅटरी किती वेळ पुरेल हे नव्हे. टेस्टचे बटण क्षणभर दाबले, तर अखेरच्या घटका मोजणारी बॅटरीही दिवा लावून दाखवते.

त्यामुळे महिन्याच्या छोट्या तपासणीबरोबर वर्षातून एकदा पूर्ण मुदतीची चाचणी घेतात. तंत्रज्ञ वीज तोडतो, घड्याळ लावतो आणि वेळेआधी विझलेला प्रत्येक दिवा वहीत नोंदवतो. रिकाम्या झालेल्या बॅटऱ्या पुन्हा भरायला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो आणि तोवर त्या मार्गाला पूर्ण आधार नसतो. म्हणून अनुभवी माणसे ही चाचणी इमारत रिकामी असताना घेतात, किंवा आज एकाआड एक दिवे तपासून उरलेले पुढच्या फेरीसाठी ठेवतात.