@ लावल्यानं एरर जात नाही

मंडळी, मागचे जरा पुढे सरका, माइक नाही आहे आणि लाइन कधी जाईल याचा भरवसा नाही. मला पीएचपीवर, म्हणजे वेबसाइट करायच्या प्रोग्रामिंग भाषेवर, बोला म्हणून सांगितलं होतं, पण पूर्ण पीएचपी तासाभरात होत नाही, म्हणून मी त्यातली एकच गोष्ट घेऊन आलो, एरर दाबणं. तुम्ही शिकून बाहेर पडले की कोणी ग्रामपंचायतीची साइट करेल, कोणी जिनिंगवाल्याची, कोणी पतसंस्थेची, आणि स्क्रीनवर पहिली वॉर्निंग आली की शेजारचा सांगेल, अरे त्याच्यापुढे @ लावून दे, जाते ते.

जात नाही जी. दिसत नाही फक्त.

आता हे बघा, आपल्याकडचंच उदाहरण. कापसाचा भाव दाखवणारं पान आहे, भाव दुसऱ्या सर्व्हरवरून येतो, तुम्ही फाइल गेट कंटेंट्स, म्हणजे तिथला मजकूर आणणारं फंक्शन, वापरलं आणि पुढे @ लावला. एक दिवस तो सर्व्हर बंद पडला. फंक्शननं फॉल्स, म्हणजे ‘जमलं नाही’, दिलं, वॉर्निंग @ नं खाल्ली. तेच फॉल्स जेसन डिकोडमध्ये, म्हणजे आलेला मजकूर उलगडणाऱ्या फंक्शनमध्ये, गेलं, तिथून नल, म्हणजे काहीच नाही, आलं, नलमधून तुम्ही भाव काढायला गेले तर परत नल, तिथंही @ लावून ठेवलेला, आणि शेवटी नंबर फॉरमॅटनं त्या नलचं शून्य करून छापलं. पान एकदम झकास दिसून राहिलं, रंग बरोबर, तारीख आजची, आणि भाव शून्य रुपये क्विंटल. शून्य असलं तर माणूस ओळखेल तरी, पण तुम्ही जर भाव आला नाही तर जुना दाखव असं लिहून ठेवलं असेल तर काय, मग मागच्या आठवड्याचा भाव आजच्या तारखेखाली दिसते आणि तो बघून कास्तकार गाडी भरून निघते. याच्यापेक्षा ‘आज भाव मिळाला नाही’ अशी एक ओळ दिसली असती तर कोणाचं नुकसान झालं असतं? मला याचा खरंच राग येते. बंद पडलेली साइट परवडली, खोटं सांगणारी नाही.

म्हणजे एरर सगळ्या जगाला दाखवायचा का, तर तेही नाही. डिस्प्ले एरर्स ही एरर स्क्रीनवर दाखवायची सेटिंग चालू ठेवून साइट लाइव्ह टाकली की फाइल कोणत्या फोल्डरात आहे, कितव्या ओळीत चुकलं, हे सगळं येणाऱ्या जाणाऱ्याला दिसते. डेटाबेसचं कनेक्शन फसलं आणि त्यातून उठलेला एक्सेप्शन, म्हणजे कोडनं सांभाळायचा एरर, कोणी पकडला नाही तर स्टॅक ट्रेसमध्ये, म्हणजे कोणत्या फंक्शनला काय दिलं त्या यादीत, युजरनेम पासवर्डसुद्धा बाहेर पडू शकते, म्हणून तर पीएचपी 8.2 मध्ये असे पॅरामीटर झाकायची वेगळी सोय आली. पण दाखवणं आणि लिहून ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि त्यांची बटणंही वेगळी आहेत, हेच कोणी शिकवत नाही. डिस्प्ले एरर्स ऑफ, लॉग एरर्स ऑन म्हणजे एरर फाइलमध्ये लिहून ठेव, एरर रिपोर्टिंग ई ऑल म्हणजे सगळ्या प्रकारचे एरर धर. पीएचपीसोबत आयएनआयच्या, म्हणजे सेटिंगच्या, दोन नमुना फाइल येतात, एक डेव्हलपमेंटची, एक प्रॉडक्शनची, त्या शेजारी शेजारी उघडून बघा, लॉग दोन्हीकडे चालू आहे, डिस्प्ले फक्त पहिलीत. @ मात्र दोन्ही मारते. स्क्रीनवर नाही आणि साध्या लॉगमध्येही नाही, मग रात्री शोधायचं काय?

जुन्या पीएचपीत तर @ फेटल एररही, म्हणजे प्रोग्राम तिथंच थांबवणारा एररही, गिळायचा, पूर्ण पांढरं पान यायचं, काहून आलं ते सांगणारी एक ओळ कुठं नाही. 26 नोव्हेंबर 2020 ला पीएचपी 8 आलं तेव्हा हे बंद केलं, आता @ लावला तरी फेटल दिसतो. नसलेला व्हेरिएबल वापरला तर आधी नोटिस, म्हणजे वॉर्निंगहून हलकी सूचना, यायची, तिचीही वॉर्निंग केली. म्हणून होस्टिंगवाल्यानं व्हर्जन वाढवलं की लोक बोंबलतात, साइट बिघडली, साइट बिघडली. अरे बाप्पा, ती आधीच बिघडलेली होती.

@ कधीच वापरू नका असं मी म्हणत नाही. टेंपररी फाइल अनलिंक करायची, म्हणजे उडवायची आहे, दुसऱ्या कोणत्या प्रोसेसनं ती तुमच्या आधी उडवली, तर वॉर्निंग येते. आधी फाइल आहे का तपासलं तरी तपासणं आणि उडवणं याच्या मधात ती जाऊ शकते, तर तिथं @ ठीक आहे. पण फाइल वाचत असाल तर परत आलेली किंमत तीन बरोबरच्या चिन्हांनी फॉल्सशी तपासा, आणि एरर गेट लास्टनं, म्हणजे शेवटचा एरर सांगणाऱ्या फंक्शननं, कारण काढून लॉगमध्ये टाका. आणि नुसती ॲरेत, म्हणजे यादीत, ‘की’ (किमतीचं नाव) नसण्याची भीती असेल तर डबल प्रश्नचिन्ह (??) वापरा, किंमत नसली तर तुम्ही पुढे दिलेली घेते, पीएचपी 7 पासून आहे ते.

मघाशी एका ताईनं विचारलं, सर, जुना प्रोजेक्ट हातात आला आणि ओळीओळीत @ आहे, तर काय करायचं. ताई, सगळे एकदम काढू नको, लॉग इतका भरेल की तू वाचणारच नाही. त्या प्रोजेक्टची कॉपी आपल्या मशीनवर झॅम्पमध्ये, म्हणजे तिथंच सर्व्हर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, चालव, पहिले डेटाबेस आणि फाइल जिथं आहे तिथले @ काढ, जे वर येईल ते दुरुस्त कर, मग फॉर्मवाले घे. आणि लॉगची फाइल पब्लिक फोल्डरच्या बाहेर ठेव, नाहीतर स्क्रीनवरून लपवलेलं सगळं ब्राउझरमध्ये त्या फाइलचं नाव टाकून कोणीही वाचेल.