मिठाच्या पाकिटावर तारीख टाका

नमस्कार मंडळी.

समोर टेबलावर मिठाचं एक किलोचं पाकीट आणि चहाचा एक चमचा ठेवला आहे. आजचं बरंचसं बोलणं या दोन वस्तूंवरच आहे. "घरी मीठ किती लागतं?" असं कुणालाही विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "आमच्याकडे कमीच खातात." हे उत्तर जीभ देते. तिला ज्या खारटपणाची सवय असते तेवढा तिला बेताचा वाटतो, मग तो ५ ग्रॅमचा असो की १२ ग्रॅमचा. म्हणून जिभेऐवजी पाकिटाला विचारायचं. नवं पाकीट फोडलं की त्यावर पेनानं तारीख टाका आणि संपेल त्या दिवशी दिवस मोजा.

जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे की मोठ्या माणसानं दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. घरात चार मोठी माणसं असतील तर दिवसाला २० ग्रॅम झालं, म्हणजे एक किलोचं पाकीट ५० दिवस पुरायला हवं. ते महिन्यात संपत असेल तर माणशी ८ ग्रॅमच्या वर चाललं आहे. शिवाय यात बाहेरचा वडापाव, पाकिटातलं फरसाण, विकतचं लोणचं धरलेलंच नाही. भाज्या धुवायला किंवा लोणचं घालायला मीठ वापरलं असेल तर तेवढं वेगळं काढून ठेवा, नाहीतर हिशेब फसतो.

आता चमचा. बारीक मीठ भरून सुरीच्या पाठीनं सपाट केलं की त्यात ५ ते ६ ग्रॅम मीठ बसतं. शीग काढून भरला तर वजन बरंच वाढतं, आणि आपण स्वयंपाकात चमचा नेमका तसाच भरतो. खडे मिठाच्या खड्यांमध्ये पोकळी राहते, त्यामुळे त्याच चमच्यात ते वजनाला कमी भरतं. जाड्या मिठावरून बारीक मिठावर आलात आणि चमचे तेवढेच ठेवलेत, तर पदार्थ खारट होतो तो यामुळे.

मिठानं शरीरात नेमकं काय होतं? मिठात सुमारे ४० टक्के सोडियम असतं. आपली मूत्रपिंडं दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात. त्यात जवळजवळ दीड किलो मीठ असतं आणि त्यातलं ९९ टक्क्यांहून जास्त ती परत रक्तात घेतात. म्हणजे ही यंत्रणा मीठ राखण्यात फार पटाईत आहे. जादा मीठ बाहेर टाकायला मात्र तिला वेळ लागतो आणि तोवर मिठासोबत पाणी धरलं जातं. सलाईनच्या एक लिटर बाटलीत ९ ग्रॅम मीठ असतं. त्याच प्रमाणात धरलं तर शरीरात अडकलेल्या प्रत्येक ग्रॅम मिठामागे सुमारे ११० मिलीलिटर पाणी अडकतं. रक्ताचं आकारमान वाढतं, रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर ताण येतो, आणि हे वर्षानुवर्षं चाललं की त्या कडक होतात. सगळ्यांचा रक्तदाब मिठानं सारखाच वाढत नाही. वय वाढलेल्यांचा आणि ज्यांचा दाब आधीच जास्त आहे त्यांचा जास्त वाढतो. आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. लघवीवाटे सोडियम जास्त गेलं की कॅल्शियमही जास्त जातं. ज्यांना कॅल्शियमचे मूतखडे होतात त्यांना "पाणी भरपूर प्या" हे सांगितलेलं असतं, मीठ कमी करा हे बऱ्याचदा राहून जातं.

तर कमी कुठून करायचं? आमटीपासून सुरुवात करू नका, लगेच भांडण होतं. सुरुवात कणकेपासून करा. अर्धा किलो कणकेत एक सपाट चमचा मीठ पडलं आणि तिच्या वीस पोळ्या झाल्या, तर प्रत्येक पोळीत पाव ग्रॅम मीठ जातं. दिवसाला सहा पोळ्या खाणाऱ्याच्या पोटात दीड ग्रॅम मीठ नुसत्या पोळीतून गेलं. भाकरीत कित्येक घरी मीठ घालत नाहीत आणि कुणाचं काही अडत नाही. पोळीचं आणि भाताचं मीठ बंद केलं तरी सोबतच्या भाजी-आमटीत ते झाकलं जातं. मग महिन्या-दोन महिन्यांत भाजीचं मीठ थोडं थोडं उतरवा, तेवढ्यात जीभ वळते. पालेभाजीला कच्चा ढीग बघून मीठ घालणं ही नेहमीची चूक. भाजी आळल्यावर मूठभर उरते आणि मीठ तेवढंच राहतं, म्हणून आळल्यावरच घाला. कोकम, लिंबू, चिंच या आंबटाच्या जोडीला मीठ कमी पडल्याचं कळत नाही.

लोणच्याचं गणित वेगळं आहे. एक किलो कैरीला २०० ग्रॅम मीठ घेतलं, तेल-मसाला धरून लोणचं १६०० ग्रॅम झालं, तर दहा ग्रॅमच्या एका फोडीत सव्वा ग्रॅम मीठ येतं. इथे बरणीतलं मीठ कमी करायला जाऊ नका. तेच लोणचं टिकवतं, ते कमी पडलं की बुरशी धरते आणि फोडी लिबलिबीत होतात. ताटात फोड वाढताना हात आखडता घ्या.

खाऊच्या पाकिटावर मीठ लिहिलेलं नसतं, सोडियम असतं आणि तेही १०० ग्रॅमचं. त्याला अडीचनं गुणलं की मीठ मिळतं. समजा शेवेवर ८०० मिलीग्रॅम लिहिलंय, म्हणजे १०० ग्रॅम शेवेत २ ग्रॅम मीठ. खाण्याचा सोडा खारट लागत नाही, पण त्याच्या एका चमच्यात सुमारे १२०० मिलीग्रॅम सोडियम असतं, म्हणजे ३ ग्रॅम मिठाइतकं. पापडखार आणि आम्लपित्तावरची फसफसणारी पूड यांचीही तीच गत.

सैंधवाबद्दल प्रश्न येतोच. सैंधवातही सोडियम साध्या मिठाच्या जवळपासच असतं. त्यातली बाकीची खनिजं इतकी किरकोळ असतात की त्यांच्यासाठी ते खाण्यात अर्थ नाही. वर त्यात बहुधा आयोडीन घातलेलं नसतं. उपासाला ठीक आहे, रोजच्या जेवणात आयोडीनयुक्त मीठच ठेवा, झाकणाच्या बरणीत आणि शेगडीपासून लांब.

कमी सोडियमचं मीठ मात्र खरोखर उपयोगी आहे. त्यात काही भाग पोटॅशियम क्लोराईडचा असतो. चीनमध्ये ६०० गावांतल्या सुमारे २१ हजार लोकांवर केलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना आधी पक्षाघात होऊन गेलेला होता किंवा वय साठीच्या पुढे असून रक्तदाब जास्त होता. ७५ टक्के साधं आणि २५ टक्के पोटॅशियमचं मीठ खाणाऱ्या गावांत पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी निघालं. तिथल्या खेड्यांत बहुतेक मीठ घरच्या स्वयंपाकातच पडतं, म्हणून बरणी बदलून फरक पडला. आपल्याकडेही बऱ्याच घरांची स्थिती तशीच आहे.

पण इथे थांबून ऐका. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, तसंच टेल्मिसार्टन, रामिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांनी हे मीठ स्वतःच्या मनानं सुरू करायचं नाही. या स्थितीत पोटॅशियम शरीरात साचतं आणि ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडून जीवावर बेतू शकतं. गंमत अशी की रक्तदाबाच्या कितीतरी रुग्णांच्या गोळीत यांतलंच एखादं औषध असतं. आधी डॉक्टरांना विचारा, रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं) तपासून घ्या.

आणि मीठ तोडण्याचाही अतिरेक नको. जुलाब-उलट्या चालू असताना मीठ कमी करायची ही वेळ नाही. तेव्हा एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून घोट घोट द्यायचं. मीठ जास्त पडलं तर लहान मुलाला अपायच होतो, म्हणून तिथे चिमटीनं मोजू नका, चमचाच घ्या. लघवीची गोळी चालू असलेल्या वयस्कर माणसानं मीठ जवळपास बंद केलं आणि तो अचानक गोंधळल्यासारखा बोलू लागला, सुस्तावला, तोल जाऊ लागला, तर ते वयावर ढकलू नका. त्याच दिवशी रक्तातलं सोडियम तपासून घ्या.