लाइव्हअबोर्ड कुठे करायचं? आधी महिना सांगा

नमस्कार मंडळी! "मालदीव की राजा अंपात? कोमोडो की गॅलापागोस?" हा प्रश्न कुणी विचारला की मी आधी एवढंच विचारतो: सुट्टी कोणत्या महिन्यात आहे?

लाइव्हअबोर्ड म्हणजे आठवडाभर मुक्काम बोटीवर. तिथेच जेवायचं, तिथेच झोपायचं आणि दिवसाला तीन-चार स्कूबा डाइव्ह करायच्या, म्हणजे पाठीवर हवेची टाकी लावून पाण्याखाली उतरायचं. समुद्र खवळला तर रिसॉर्टवरचा माणूस खोलीत पुस्तक वाचत पडतो. तुम्ही मात्र हलत्या केबिनमध्ये बादली शोधत असता.

काही ठिकाणी तर महिनाच सगळं ठरवून टाकतो. फिलिपीन्सच्या सुलू समुद्रातलं टुबाटाहा घ्या. बोटी तिथे मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतच जातात, म्हणजे जेमतेम तीन महिने. तुमची सुट्टी डिसेंबरात असेल तर टुबाटाहा बाद, विषय संपला. थायलंडची सिमिलन बेटं मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतात. इंडोनेशियात तर बऱ्याच बोटी स्वतःच मुक्काम हलवतात: साधारण ऑक्टोबर ते एप्रिल राजा अंपात, आणि तिकडे वारा सुटला की कोमोडो. बोट तीच, आचारीही तोच.

[स्क्रीनवर मालदीवचा नकाशा]

"मालदीवला काय, कधीही जावं," असं सर्रास म्हणतात. जाता येतंच, पण कुठल्या बाजूला? इथे जरा थांबू, कारण बुकिंग करताना ही गोष्ट फारसं कुणी सांगत नाही.

मालदीवची बेटं म्हणजे प्रवाळांची मोठमोठी कडी, ॲटॉल. प्रत्येक ॲटॉलच्या कडेला खिंडी असतात, त्यांतून समुद्राचं पाणी आत-बाहेर करतं. साधारण जानेवारी ते एप्रिल ईशान्येकडचे वारे असतात आणि प्रवाहाचा कल पूर्वेकडून पश्चिमेकडे असतो. खुल्या समुद्राचं स्वच्छ पाणी पूर्वेच्या खिंडींतून आत शिरतं. तिथे लांबवरचं दिसतं आणि खिंडीच्या तोंडाशी शार्क प्रवाहावर तरंगत उभे असतात. तेच पाणी ॲटॉल ओलांडून पश्चिमेला बाहेर पडतं तेव्हा त्यात प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, भरलेले असतात, म्हणजे पाणी गढूळ. पण प्लवंग हेच मँटा रे माशांचं जेवण, त्यामुळे मँटा पश्चिमेला. मे-जूननंतर नैर्ऋत्य मोसमी वारे स्थिरावले की हे सगळं उलटं होतं आणि मँटा पूर्वेला येतात. म्हणून ऑपरेटरला "मँटा दिसतील का?" असं विचारू नका. "या महिन्यात तुमची बोट ॲटॉलच्या कुठल्या बाजूने जाते?" असं विचारा. उत्तर देताना तो अडखळला तर काय ते समजून घ्या.

आणि हो, बा ॲटॉलमधल्या हनिफारू खाडीचे ते व्हिडिओ, ज्यांत मँटांचे थवेच्या थवे गोल फिरतात? तिथे स्कूबाला बंदी आहे. फक्त स्नॉर्केल, म्हणजे तोंडात नळी धरून वरच्या वर पोहायचं. टाकी पाठीला लावून तो सीन मिळणार नाही.

महिना ठरला की चंद्र बघा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, म्हणजे खिंडींमध्ये पाण्याला जबरदस्त ओढ. अष्टमीच्या सुमाराला, भांगाच्या भरतीत, तीच जागा बरीच शांत असते. मोठे मासे बघायचे असतील आणि प्रवाहाची सवय असेल तर उधाण पथ्यावर पडतं. नवखे असाल तर शक्यतो अष्टमीच्या आसपासचा आठवडा घ्या. तारखा हातात असतील तर याला एक पैसा जास्त लागत नाही.

आता थोडं कडू बोलतो. आपल्याला किती जमतं याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. कोमोडोच्या अरुंद सामुद्रधुनींतून पॅसिफिककडून हिंदी महासागराकडे पाणी धावत असतं. तिथे प्रवाह आडवा तर असतोच, पण कधीकधी खालीही खेचतो. पॅसिफिकमधल्या पालाऊ देशातल्या ब्लू कॉर्नरला लोक रीफ हुक, म्हणजे दोरीचा आकडा, खडकात अडकवून पतंगासारखे लटकतात. इक्वेडोरच्या गॅलापागोस बेटांपैकी डार्विन आणि वुल्फ बेटांजवळ जून ते नोव्हेंबर प्रचंड व्हेल शार्क येतात, पण विषुववृत्तावर असूनही पाणी गार असतं. हम्बोल्ट या थंड प्रवाहामुळे 5 ते 7 मिलिमीटर जाडीचा वेटसूट लागतो. वर लाटा, खाली ओढ, अंगात हुडहुडी. वीस-पंचवीस डाइव्हच्या जोरावर तिथे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. इजिप्तमधल्या ब्रदर्स आणि डेडालस या दूरच्या रीफसाठी (प्रवाळ खडकांसाठी) 50 डाइव्हची नोंद मागतात, ते उगाच नाही.

पहिल्याच लाइव्हअबोर्डसाठी मी थायलंडच्याच सिमिलन आणि रिशेलू रॉकची चार-पाच दिवसांची फेरी सुचवेन. पाणी उबदार, प्रवास लहान, आणि बोट आपल्याला लागते की नाही हेही कळतं. राजा अंपात मात्र वेगळंच प्रकरण आहे. तिथल्या केप क्रीला एका माणसाने एकाच डाइव्हमध्ये माशांच्या 374 जाती मोजल्या होत्या. कोपऱ्याकोपऱ्यात काहीतरी लपलेलं असतं, म्हणून बारकाईने बघणाऱ्याने तिथे जावं. फक्त शार्क-शार्क करणारा कंटाळेल.

अंतराचाही हिशोब करा. कोस्टा रिकाचं कोकोस बेट किनाऱ्यापासून साधारण 550 किलोमीटर खोल समुद्रात आहे. एका बाजूला जवळपास 36 तास, म्हणजे जाऊन-येऊन तीन दिवस नुसता प्रवास. हॅमरहेड शार्कच्या झुंडींसाठी लोक तो करतात, आणि करावाही. पण विमानाची धावपट्टी तिथे नाही. डीकंप्रेशनचा त्रास झाला, म्हणजे घाईने वर आल्याने शरीरात वायूचे बुडबुडे झाले, तर उपचाराच्या दाब-चेंबरपर्यंतचं अंतर तेवढंच, हे मनात ठेवून खोली आणि वेळ ठरवा, आणि डाइव्हिंगचा विमा काढल्याशिवाय बोटीवर पाय ठेवू नका. शिवाय अनेक दिवस सलग डाइव्ह केल्यावर विमानाआधी निदान 18 तास थांबायचं असतं. बऱ्याच बोटी 24 धरतात, त्यामुळे शेवटच्या दिवशी फारसं काही होत नाही. म्हणून दोन बोटींची तुलना करताना किमतीला रात्रींनी भागू नका, डाइव्हच्या संख्येने भागा.

शेवटी बोट. 2 सप्टेंबर 2019 ला कॅलिफोर्नियाजवळ कन्सेप्शन नावाच्या डाइव्ह बोटीला पहाटे आग लागली आणि खालच्या डेकवर झोपलेले 34 जण गेले. रात्री फिरता पहारा नव्हता. झोपण्याच्या जागेतून बाहेर पडायच्या दोन्ही वाटा त्याच जागी निघत होत्या जिथे आग होती. म्हणून पैसे भरण्याआधी ईमेलवर तीन प्रश्न विचारा. रात्रभर जागा पहारेकरी असतो का? माझ्या केबिनमधून बाहेर पडायच्या दोन वेगळ्या वाटा आहेत का, आणि त्या कुठे उघडतात? कॅमेरा आणि टॉर्चच्या लिथियम बॅटऱ्या कुठे चार्ज करतात, आणि तेव्हा तिथे कुणी असतं का? चांगला ऑपरेटर फोटोसकट उत्तर पाठवतो. "काळजी करू नका सर" एवढंच आलं, तर त्याच महिन्यात, त्याच समुद्रात दुसरी बोट शोधा.