पाच फेब्रुवारीच्या आधी

नमस्कार श्रोतेहो.

सुरुवात एका ड्रमपासून करते. निळा, प्लॅस्टिकचा, 200 लिटरचा ड्रम. मुंबईतल्या कुठल्याही वस्तीत दारापाशी असा एक तरी दिसतोच. वर लाकडी फळी आणि फळीवर पालथी घातलेली धुतलेली भांडी. पश्चिम उपनगरातल्या ज्या वस्तीत मी काम करते, तिथल्या एका वहिनींनी गेल्या उन्हाळ्यात महिनाभर पाण्याचा हिशेब लिहून ठेवला. मुलाची जुनी शाळेची वही होती, तिच्या मागच्या पानांवर रोजची तारीख, ड्रम किती आणि पैसे किती. त्यांच्या गल्लीत नळ नाही. पाणीवाला पाइप टाकून ड्रम भरून देतो, एका ड्रमचे 30 रुपये. घरात पाच माणसं, दिवसाआड दोन ड्रम. महिन्याचे झाले 900 रुपये.

आता दुसरा हिशेब बघा. महिन्याला ते पाणी होतं 6,000 लिटर. झोपडपट्टीसाठी महापालिकेच्या पाण्याचा दर हजार लिटरला साधारण पाच रुपये आहे. म्हणजे नळ असता तर याच पाण्याला महिन्याकाठी 30 रुपये पडले असते. त्या जागी ही बाई 900 मोजते आणि एवढं मोजूनही तिच्या घरात माणशी दिवसाला 40 लिटरच पाणी येतं.

वही माझ्यासमोर धरून वहिनींनी विचारलं, "ताई, पालिकेच्या वहीत आमच्या गल्लीचं काही लिहिलंय का हो?"

तीस वर्षं मी मोर्चे काढतेय, निवेदनं देतेय. पण हा प्रश्न मला कुणी इतक्या सरळ विचारला नव्हता, आणि मीही स्वतःला कधी विचारला नव्हता. आजचं बोलणं त्या प्रश्नाबद्दल आहे.

पालिकेची वही म्हणजे बृहन्मुंबई महानगरपालिकेचा अर्थसंकल्प. 2025-26 चा अर्थसंकल्प 74,427 कोटी रुपयांचा होता. अख्ख्या गोवा राज्याच्या अर्थसंकल्पापेक्षा हा आकडा कितीतरी मोठा आहे. 1888 च्या मुंबई महानगरपालिका कायद्याप्रमाणे आयुक्तांनी तो 5 फेब्रुवारीच्या आत स्थायी समितीपुढे मांडायचा असतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मथळे येतात, "कोणतीही करवाढ नाही", "रस्त्यांसाठी इतके कोटी", आणि दोन दिवसांत विषय संपतो. आपल्याला वाटतं, हे मोठ्या माणसांचं काम.

आम्ही मात्र बसलो. बालवाडीच्या खोलीत, संध्याकाळी स्वयंपाक उरकल्यावर. संकेतस्थळावरून आमच्या कामाची पानं छापून घेतली होती. दहा-बारा बायका, दोन रिक्षावाले दादा आणि कॉलेजात जाणारी एक मुलगी. पहिला अर्धा तास तर शून्यं मोजण्यात गेला. म्हणून सांगते, तुम्ही कधी हे पान हातात घेतलंत तर आधी वरच्या कोपऱ्यात बघा, रुपये हजारांत लिहिलेत की लाखांत की कोटींत. मग रकाने बघा. एकात मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च असतो, दुसऱ्यात चालू वर्षाचा अंदाज, तिसऱ्यात त्याच वर्षाचा सुधारित अंदाज आणि शेवटी पुढच्या वर्षाचा अंदाज. मथळ्यात येतो तो शेवटचा रकाना. पण खरी गोष्ट पहिल्या आणि तिसऱ्या रकान्यात असते. तरतूद म्हणजे खर्च नव्हे, हे त्या मुलीने फळ्यावर दोन आकडे शेजारी शेजारी लिहून दाखवलं, तेव्हा एक मावशी पटकन म्हणाल्या, "म्हणजे लग्नात अहेर पुकारला, पण पाकीट दिलंच नाही." त्या रात्रीनंतर आमच्याकडे कुणालाही तरतूद हा शब्द समजावून सांगावा लागलेला नाही.

आमच्या गल्लीचं नाव कुठेच नव्हतं. ते तसं नसणारच, कारण अर्थसंकल्पात गल्ल्यांची नावं नसतात, लेखाशीर्षं असतात, म्हणजे खर्चाच्या खात्यांची नावं. पण मग गल्लीला त्या लेखाशीर्षाच्या आत शिरावं लागतं. ते कसं, हे आम्हाला पालिकेच्या एका तरुण अभियंत्याने सांगितलं. तो म्हणाला, "ताई, फेब्रुवारीत येऊन काय उपयोग? पावसाळा संपता संपता आमच्याकडून पुढच्या वर्षाचे प्रस्ताव वर जातात. तेव्हा लेखी द्या, आणि 'पाणी द्या' असं मोघम नका लिहू. किती मीटर, कुठून कुठवर, किती घरं, ते लिहा." त्या पोराचे उपकार मी विसरणार नाही. आजवर आम्ही उन्हाळ्यात हंडे घेऊन जायचो आणि कागद वर जायची वेळ तर दिवाळीच्या आसपासची होती.

हंड्यांचा विषय निघाला तर मृणालताईंचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. मृणाल गोरे. गोरेगाव जेव्हा ग्रामपंचायत होतं तेव्हा त्या पंचायतीत निवडून आल्या, पुढे 1961 साली महापालिकेत गेल्या. गोरेगावच्या पाण्यासाठी त्या इतक्या झगडल्या की लोक त्यांना पाणीवाली बाईच म्हणू लागले, आणि 1977 साली त्या लोकसभेवर गेल्या त्या याच नावाने. 1961 च्याच निवडणुकीत कम्युनिस्ट पक्षाच्या अहिल्याताई रांगणेकर महापालिकेत आल्या आणि समाजवादी जॉर्ज फर्नांडिसही आले. 1972 च्या महागाईत मृणालताई आणि अहिल्याताई, दोघी दोन पक्षांच्या, लाटणी घेतलेल्या बायकांच्या पुढे एकत्र चालल्या. आज त्यांच्या आठवणी काढताना आपण हंडा आणि लाटणं तेवढं लक्षात ठेवतो. पण हंडा वाजवून झाल्यावर सभागृहात बसून ठराव, उपसूचना, नियमाचं कलम यांचा पिच्छा पुरवणं हे कामाचं दुसरं अर्धं अंग होतं. ते आमच्या पिढीकडून सुटलं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

आणि हेही विसरू नका की त्या सभागृहात गरिबाचा प्रतिनिधी असणं हे काही आपोआप आलेलं नाही. स्वातंत्र्याआधी ठरावीक घरभाडं किंवा कर भरणाऱ्यालाच महापालिकेचं मत होतं. चाळीतल्या गिरणी कामगाराला, झाडूवाल्याला प्रौढ मतदानाचा हक्क मिळून पहिली निवडणूक झाली ती 1948 साली. म्हणून 2022 च्या मार्चमध्ये मुदत संपली आणि जवळजवळ चार वर्षं मुंबईला एकही नगरसेवक नव्हता, तेव्हा माझ्यासारखीच्या जिवाला घोर लागला होता. अर्थसंकल्प मांडणारे आयुक्त आणि मंजूर करणारे प्रशासक, दोन्ही खुर्च्यांवर एकच व्यक्ती. 2026 च्या जानेवारीत निवडणूक झाली, 227 नगरसेवक आले. कोणत्या पक्षाचे किती, ही आजची चर्चा नाही. दार ठोठावायला दार आहे, एवढं झालं.

आता मला सांगा, शहराकडे पैसा नाही का? 2025-26 च्या 74,427 कोटींपैकी 43,162 कोटी भांडवली, म्हणजे नवं काही बांधायच्या कामांसाठी होते, म्हणजे शंभरातले 58 रुपये. त्यात मलजल प्रक्रियेसारखी कामं आहेत, ती हवीतच. पण मोठा वाटा रस्त्यांचा, पुलांचा, बोगद्यांचा. मरीन ड्राइव्ह ते वरळी हा किनारी रस्ता साडेदहा किलोमीटरचा आहे आणि त्यावर 13 हजार कोटींहून जास्त खर्च झाला. त्याच शहरात बेस्टला 2025-26 साठी दिले 1,000 कोटी. रोज लाखो माणसं ज्या बसने जातात तिला शंभरातला सव्वा रुपया. 2019 साली स्वतःच्या मालकीच्या 3,337 गाड्या राखायच्या असा करार झाला होता. त्यातल्या बहुतेक गाड्या भंगारात गेल्या आणि त्यांच्या जागी भाड्याच्या आल्या. 2019 मध्ये कमीत कमी भाडं आठवरून पाच रुपये केलं तेव्हा आमच्या धुणी-भांडी करणाऱ्या बायका चालायच्या थांबून बसमध्ये बसल्या होत्या. मे 2025 मध्ये ते दहा झालं. त्यातल्या काही जणी आता सकाळी परत पायी जाताना दिसतात. मला रस्ते नकोत असं नाही. पण पहिला पैसा कुणासाठी, हा प्रश्न विचारणं म्हणजेच माझ्या लेखी समाजवाद. राष्ट्र सेवा दलाच्या शाखेत आम्हाला जे शिकवलं ते एवढंच होतं की पंगतीत शेवटच्या पानापर्यंत भात पोचला की नाही ते आधी बघायचं.

पाण्याचंही तेच. सात तलावांतून मुंबईला रोज सुमारे 390 कोटी लिटर पाणी येतं. 2011 च्या जनगणनेतले सव्वा कोटी लोक धरले तर माणशी 300 लिटरच्या वर होतं. लोकसंख्या वाढली म्हणा, गळती वजा करा, उद्योग-हॉटेलं वजा करा, तरी ते 40 वर येत नाही. पाणी वाटतानाच माप वेगळं ठरलं. वर्षानुवर्षे कागदावरचा निकष होता, इमारतीत माणशी 135 लिटर आणि झोपडपट्टीत 45. आणि 2000 सालानंतरची झोपडी असेल तर तेही नाही. याविरुद्ध पाणी हक्क समिती उच्च न्यायालयात गेली आणि डिसेंबर 2014 मध्ये न्यायालयाने सांगितलं की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, घर अनधिकृत आहे म्हणून माणसाला तहानलेलं ठेवता येणार नाही. पुढे 1 मे 2022 पासून सर्वांसाठी पाणी हे धोरणही आलं. निकाल आहे, धोरण आहे. आता पाइपासाठी पैसा लागतो आणि तो त्या वहीतल्या ओळीतच असतो. 2025-26 च्या अर्थसंकल्पात झोपडपट्टीतल्या दुकानं-गाळ्यांवर मालमत्ता कर बसवून 350 कोटी मिळवायचा बेत होता. कर घ्यायला वस्ती दिसते, तर पाणी द्यायलाही दिसली पाहिजे. मला याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही.

लोकांना विचारून अर्थसंकल्प करणं हे काही स्वप्नरंजन नाही. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराने 1989 साली ते सुरू केलं. केरळने 1996 पासून राज्याच्या योजनेतला तिसऱ्या हिश्शाहून जास्त पैसा ग्रामपंचायती-नगरपालिकांकडे सोपवला. एवढं लांब कशाला, आपल्या पुण्यात 2006-07 पासून नागरिक अर्ज भरून आपल्या प्रभागातली छोटी कामं सुचवतात. तिथेही सगळं आलबेल नाही, पण अर्ज आहे, तारीख आहे, खिडकी आहे. मुंबईत आता ई-मेलवर सूचना मागवल्या जातात. चांगलं आहे, पण आमच्या वहिनींकडे ई-मेल नाही आणि त्यांना एकटीने सूचना करायची नाही. त्यांना गल्ली घेऊन बसायचंय. 74 व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या दिल्या त्या 1992 साली. त्या समितीची बैठक वर्षातून एकदा, ऑक्टोबरच्या आत, वस्तीतल्या शाळेच्या हॉलमध्ये का होऊ नये? माइक लावा, गेल्या वर्षीची तरतूद आणि खर्च फळ्यावर लिहा आणि लोकांना विचारू द्या. नव्या नगरसेवकांकडे आमची पहिली मागणी हीच आहे.

त्या अभियंत्याने मीटर मागितले होते ना? आमच्याकडे मोजायची मोठी टेप नव्हती. शिवणकाम करणाऱ्या एका वहिनींनी कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी घेतली आणि शिंप्याच्या टेपने मोजून तिला मीटर-मीटरवर गाठी मारल्या. वीस गाठी. एकीने दोरीचं टोक मुख्य रस्त्यावरच्या पाइपापाशी धरलं, दुसरी आत चालत गेली, तिसरीने खडूने खूण केली. वाटेत कुणाची सायकल, कुणाची कोंबड्यांची पेटी, सगळं बाजूला सरकवत सरकवत सात दोऱ्या आणि वर सहा गाठी झाल्या. 146 मीटर, 63 घरं. त्याच वहीच्या पानावर नकाशा काढला, दोन प्रती केल्या, एक पालिकेत दिली आणि दुसरीवर पोच घेतली. तारीख होती 9 ऑक्टोबर.

ती दोरी आता बालवाडीत खिळ्याला टांगलेली आहे. येत्या रविवारी मागची गल्ली मोजायची आहे. सकाळी सहाला जमायचं ठरलंय, पाणीवाला यायच्या आधी.

नमस्कार.