श्रीनगर ते लेह: हवेतून आणि घाटातून

श्रोतेहो, नमस्कार.

सुट्ट्या तोंडावर आल्या की घरोघरी लडाखचे बेत शिजू लागतात आणि पहिला प्रश्न ठरलेला: श्रीनगरहून लेह किती लांब? नकाशावर सरळ रेघ ओढली तर साधारण २५५ किलोमीटर. रस्त्याने मात्र सव्वाचारशेच्या आसपास. पुन्हा सांगतो, हवेतून अडीचशे, रस्त्याने सव्वाचारशे. विमान तासाभरात पोचवतं. गाडीने जाणारे बहुतेक जण कारगिलला मुक्काम करतात, कारण वाटेत खिंडी आहेत, लडाखीत खिंडीला 'ला' म्हणतात: झोजी ला आहे, नमिका ला आहे आणि ४,१०८ मीटर उंचीची फोटू ला खिंड आहे.

पण विमान लेहला पहिल्यांदा उतरलं, ती गोष्ट मला तुम्हाला सांगायचीच आहे.

साल १९४८. काश्मीरवर चाल करून आलेले पाकिस्तानी हल्लेखोर लेहच्या दिशेने सरकत होते आणि लेहमध्ये आपले जवान मूठभर. ते तरी कसे आले होते? ऐन हिवाळ्यात, मेजर पृथी चंद यांच्याबरोबर, झोजी लाचं बर्फ तुडवत, पायी! त्या तुकडीसोबत सोनम नोरबू नावाचे लडाखी इंजिनिअर होते. नोरबूंनी गावकऱ्यांना हाताशी धरून सिंधूकाठच्या माळावर धावपट्टी तयार केली. नुसती वाळू-मातीची पट्टी, तीही दहा हजार फुटांहून उंचावर.

पट्टी झाली, पण विमान आणणार कोण? त्या हवाई वाटेचे धड नकाशे नव्हते. डाकोटा विमानात आजच्यासारखी हवेचा दाब राखणारी केबिन नव्हती, आणि एवढ्या उंच डोंगरांवरून जाण्यासाठी ते बनवलेलंही नव्हतं. २४ मे रोजी एअर कमोडोर मेहर सिंग स्वतः ते विमान घेऊन निघाले आणि सोबत बसले जनरल थिमय्या. दोघेही मोठ्या हुद्द्याचे. हाताखालच्या कुणालाही धाडता आलं असतं. नाही धाडलं. डोंगररांगा ओलांडून डाकोटा त्या वाळूवर उतरलं. मग पाठोपाठ डाकोटा येऊ लागली, गोरखा जवान उतरले, आणि लेह वाचलं. मेहर सिंगांना महावीर चक्र मिळालं. सोनम नोरबूंचं नाव आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकात असायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

आणि हो, खिडकीची जागा मागून घ्यायची, झडप खाली ओढायची आणि मोबाईलमध्ये डोकं घालायचं, हे मला अजिबात पटत नाही. खाली अख्खा हिमालय पसरलेला असतो हो!

आता कामाचं थोडक्यात. विमान तुम्हाला तासाभरात ३,२०० मीटरच्या वर नेऊन सोडतं, शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. म्हणून पहिले दोन दिवस विश्रांती. ऐकताय ना? आधी दोन दिवस विश्रांती, खारदुंग ला ही लेहजवळची उंच खिंड त्यानंतर. रस्त्याने गेलात तर उंचीची सवय हळूहळू होते, पण जोराचं बर्फ पडलं की झोजी ला बंद होते. तिथे सुमारे तेरा किलोमीटरच्या बोगद्याचं काम चालू आहे.

लेहहून परतताना विमान सकाळचंच घ्या. दुपारी तिथे वारा उठतो. आणि पुढचा मुक्काम हातचा जाऊ नये म्हणून एक दिवस राखून ठेवा.

नमस्कार.