सिनेटच्या दहा खुर्च्या

(राजाबाई टॉवर, ओव्हल मैदानावरून)

मुंबई विद्यापीठ, स्थापना 1857. या दीक्षान्त सभागृहाच्या गोल खिडकीत रंगीत काचांच्या बारा राशी आहेत. पदवीच्या निमित्ताने आपण फार तर एकदा इथे येतो. हा कारभार बघतं कोण, हे विचारायला सहसा कुणी परत येत नाही.

राज्यपाल हे पदसिद्ध कुलपती. कुलगुरूंसाठी शोध समिती बसते, मुलाखती होतात, पाच नावं राजभवनावर जातात आणि राज्यपाल त्यातलं एक ठरवतात. मुदत पाच वर्षं किंवा वयाची पासष्टी, जे आधी येईल ते. डिसेंबर 2021 मध्ये विधिमंडळानं या वाटेवर आणखी एक थांबा टाकला: पाचातली दोन नावं सरकार निवडणार, राज्यपालांनी त्या दोघांतून एक घ्यायचं. ते अंमलात आलंच नाही. 2022 मध्ये सरकार बदललं आणि नव्या सरकारनं ते मागे घेतलं. ओढाताण राजभवन आणि मंत्रालयाची. पदवीधराला त्यात कुणी विचारलं नाही.

(मतपत्रिका, जवळून)

त्याला विचारतात ते इथे. अधिसभा, म्हणजे बोलीभाषेतली सिनेट, विद्यापीठाचं प्रतिनिधी मंडळ. प्राचार्य, अध्यापक, संस्थाचालक आपापले प्रतिनिधी पाठवतात; काही जणांना कुलपती नेमतात. नोंदणीकृत पदवीधरांच्या वाट्याला दहा जागा. पाच खुल्या, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, भटके-विमुक्त, इतर मागासवर्ग आणि महिला यांना एकेक.

पदवी भिंतीवर लावली म्हणून मत मिळत नाही, रीतसर नोंदणी करावी लागते. डहाणूपासून सावंतवाडीपर्यंतचं हे विद्यापीठ, आणि 2024 च्या मतदारयादीत नावं सुमारे 13,400!

आता हा कागद नीट बघा. शिक्का नाही, फुली नाही. नावासमोर आकडा लिहायचा: पहिली पसंती 1, मग 2, मग 3. पाच खुल्या जागांसाठी वैध मतांना सहानं भागायचं, येईल त्यात एक मिळवायचा. हा झाला कोटा. कोटा ओलांडणाऱ्याची जादा मतं पुढच्या पसंतीकडे वळतात. तळाचा उमेदवार बाद होतो, त्याचा गठ्ठा पुन्हा उघडतो, पुन्हा वाटला जातो. म्हणून मोजणीची टेबलं रात्री उशिरापर्यंत हलत नाहीत. वेळखाऊ आहे खरं, पण आपलं मत वाया जाऊ नये म्हणून इतका खटाटोप दुसऱ्या कुठल्या निवडणुकीत क्वचितच दिसतो.

(उच्च न्यायालयाची इमारत)

आधीच्या सिनेटची मुदत ऑगस्ट 2022 मध्ये संपली. ऑगस्ट 2023 मध्ये निवडणूक जाहीर झाली आणि त्याच महिन्यात स्थगित झाली. पुढच्या वर्षी मतदान 22 सप्टेंबरला ठरलं. दोन दिवस आधी पुन्हा स्थगिती. उच्च न्यायालय विद्यापीठाच्या शेजारीच. तिथे दाद मागितली गेली, न्यायालयानं स्थगिती उठवली आणि 24 सप्टेंबर 2024 ला मतदान झालं.

मधल्या काळात विद्यापीठाचे दोन अर्थसंकल्प या दहा खुर्च्या रिकाम्या असतानाच मांडले गेले.

(मतमोजणी)

दहाच्या दहा जागा युवासेनेनं, म्हणजे शिवसेनेच्या (ठाकरे गट) युवक संघटनेनं, जिंकल्या. 2018 मध्येही त्यांनीच दहा जिंकल्या होत्या.